डीबगर थांबत नसल्याबाबत

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता शंकाताईंच्या संगणकावरचा डीबगर थांबला नाही.

डीबगर म्हणजे चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर अडवून त्याच्या पोटात काय चाललंय ते दाखवणारं साधन. ओळीशेजारी लाल ठिपका ठेवायचा. प्रोग्राम तिथवर आला की थांबतो आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देतो. त्या दिवशी मात्र ओळखीच्या माणसाने दारात आपल्याला पाहूनही पुढे निघून जावं, तसा तो ठिपक्यावरून सरळ निघून गेला.

शंकाताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बारा वर्षांच्या नोकरीत प्रत्येक बैठकीच्या शेवटी, सगळे खुर्च्या मागे सारत असताना, त्या "एक शंका होती" असं म्हणत. त्यावरून कचेरीने त्यांचं बारसं केलं होतं.

त्यांच्याकडचा प्रोग्राम एका नेत्ररुग्णालयातली शस्त्रक्रियांची प्रतीक्षायादी रोज सकाळी नव्याने लावत असे. सत्तरीपुढच्यांना आधी घ्यायचं, असा नियम होता. प्रत्यक्षात सत्तरीपुढचा प्रत्येक माणूस रोज सकाळी यादीच्या तळाशी जाऊन बसत होता. रुग्णालयाने तीन महिन्यांपूर्वी तक्रार केली होती आणि तक्रारीची नोंद घेण्यात आल्याचं त्यांना वेळेवर कळवण्यात आलं होतं. तळाशी बसणाऱ्यांत एकाहत्तर वर्षांचे एक घड्याळदुरुस्तीवाले होते. त्यांची तारीख पाच वेळा पुढे गेली होती. ते शंकाताईंचे बाबा होते, पण हे त्यांनी कचेरीत कुणाला सांगितलं नव्हतं.

डीबगर थांबत नाही म्हटल्यावर शंकाताईंनी रीतसर साधन-सहाय्य कक्षाकडे अर्ज केला. दोन दिवसांनी अर्ज परत आला. न थांबल्याचा पुरावा म्हणून डीबगर संबंधित ओळीवर थांबलेला असतानाचा फोटो जोडावा, असा त्यावर शेरा होता. तेव्हा त्या स्वतःच कक्षात गेल्या. कक्षप्रमुख अत्यंत सौम्य गृहस्थ होते. त्यांनी संगणक बंद करून चालू करायला सांगितलं, मग डीबगर काढून पुन्हा बसवायला सांगितलं, मग काढलेला पुन्हा काढायला सांगितलं. आठवडा गेला. शेवटी त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "म्हणजे प्रोग्राम कुठेही न अडता चालतो, आणि तुमची तक्रार अशी की तो अडत नाही?"

शंकाताईंनी हात टेकले आणि स्वतःच शोध घ्यायला बसल्या. अर्ध्या तासात कारण सापडलं. लाल ठिपका फिकट झाला होता. त्यावर बाण नेला की बारीक अक्षरांत सूचना येई: समोरचा मजकूर आणि चालू प्रोग्राम जुळत नाहीत. डीबगर जोडलेला होता ते कचेरीतलं चाचणीचं यंत्र म्हणजे रुग्णालयातल्या यंत्राची हुबेहूब प्रत. त्यावर तीन वर्षांपूर्वीचा प्रोग्राम चालत होता. शंकाताई आणि त्यांचे सहा सहकारी तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून जो प्रोग्राम सुधारत होते, तो कुठेच चालत नव्हता. यादीतली ती चूकही त्यात दोन वर्षांपूर्वीच दुरुस्त झालेली होती. दुरुस्त करणाऱ्याच्या जागी शंकाताईंचंच नाव होतं.

आता नवा प्रोग्राम रुग्णालयात पाठवला की काम झालं, असं समजून त्या हसतमुखाने साहेबांकडे गेल्या.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग दार लावून घेतलं.

"पाठवता येणार नाही," ते म्हणाले. "तो आपण केव्हाच पाठवला आहे."

"पण तिथे तर जुनाच चालतोय."

"चालत असेल. पाठवल्याचे बारा तिमाही अहवाल गेले आहेत. पाठवलेली गोष्ट पुन्हा पाठवली, तर ती आधी पाठवली नव्हती असा अर्थ निघतो."

लगेच समिती बसली. दोन बैठकांनंतर समिती एकमताने अशा निष्कर्षाला आली की प्रोग्राम निर्दोष असून दोष डीबगरचा आहे. तो नको तितका काटेकोर आहे. डीबगरच्या सेटिंग्जमध्ये 'जुळणी काटेकोर तपासावी' अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे बरोबरची खूण असते. कक्षप्रमुखांनी सर्वांसमक्ष ती खूण काढून टाकली. डीबगर ताबडतोब थांबला. चालत होता जुनाच प्रोग्राम, पण पडद्यावर नव्याच्या ओळी दिसत होत्या आणि त्या सगळ्या बिनचूक होत्या. टाळ्या झाल्या. शंकाताई म्हणाल्या, "एक शंका होती," पण तोवर खुर्च्या मागे सरल्या होत्या. तक्रार 'डीबगर दुरुस्त' असा शेरा मारून बंद झाली.

त्याच आठवड्यात बाबांची तारीख सहाव्यांदा पुढे गेली. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत बाकावर बसून ते घरी आले. ज्या माणसाने चाळीस वर्षं तांदळाच्या कणीएवढे स्क्रू चिमट्याने बसवले, त्याने चहाचा कप उचलायला हात पुढे केला आणि तो कपाच्या वीतभर अलीकडे टेकला. शंकाताईंनी कप उचलून त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीत रुग्णालयाची नोंद उघडली आणि एकाहत्तरच्या जागी एकोणसत्तर लिहिलं. पुढच्या सकाळी बाबा यादीत चौथे होते. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पट्टी निघाल्यावर बाबांनी पहिली गोष्ट वाचली ती स्वतःचा केसपेपर.

"वय एकोणसत्तर लिहिलंय," ते म्हणाले. "चुकलंय. दुरुस्त करून घे."

"नको बाबा," शंकाताई म्हणाल्या. आयुष्यात प्रथमच त्यांनी कुठलीही शंका न काढता उत्तर दिलं होतं.

अशा गोष्टी लपून राहत नाहीत. पंधरा दिवसांनी कक्षप्रमुख आपल्या सासूबाईंचा केसपेपर घेऊन हळूच आले. मग साहेबांचे काका आले, म्हणजे कागद आले. मग रुग्णालयातल्याच दोन डॉक्टरांच्या मातोश्री. शंकाताईंना कुणालाच नाही म्हणता येईना. कामाचा ताण वाढला तेव्हा साहेबांनी 'वय-समायोजन' नावाचा छापील अर्ज काढला आणि त्याची एक खिडकी ठरवून दिली. ओरडू शकणाऱ्यांची कामं होऊ लागल्यावर तक्रारी आपोआप घटल्या. प्रोग्राम सुधारल्याचा तेरावा अहवाल गेला.

एका दुपारी न राहवून शंकाताईंनी पुन्हा विषय काढला. नवा प्रोग्राम गुपचूप पाठवून द्यावा, कुणाला कळणारही नाही, असं त्यांनी सुचवलं. या वेळी साहेब नव्हे, सगळी कचेरीच अंगावर आली. कक्षप्रमुखांनी हिशोब समजावून सांगितला: यादी सुधारली तर खरे सत्तरीवाले वर जातील आणि आपली सगळी एकोणसत्तरची माणसं खाली येतील; त्यांची खरी वयं परत लिहायची, तर खोटी लिहिल्याचं कबूल करावं लागेल. सासूबाईंचा दुसरा डोळा अजून व्हायचा होता. बाबांचाही व्हायचा होता. शंकाताई जागेवर जाऊन बसल्या.

यादीच्या तळाशी आज एकशे त्रेचाळीस जण आहेत. त्यांचा गुन्हा एवढाच, की वय विचारल्यावर त्यांनी खरं सांगितलं.

हे वाचून तुम्हाला चीड आली असेल, आणि ती यायलाच हवी. शंकाताईंचा फोन नंबर इथे मुद्दाम दिलेला नाही. तुम्ही तो घरातल्या कुणासाठी लिहून घेतला नसता अशी खात्री असती, तर दिला असता.