साठ टक्के विद्वानांचं जंगल

एका जंगलात, बाळांनो, शंभर प्राणी होते आणि एक उद्दिष्ट होतं. शेजारच्या जंगलात साठ टक्के प्रजा उच्चशिक्षित निघाली होती, म्हणून सिंहमहाराजांनाही साठच टक्के हवी होती. तीही दसऱ्याच्या दरबारापर्यंत.

मोजणीचं काम भास्करराव होल्याकडे होतं. होला म्हणजे चार काड्या आडव्यातिडव्या टाकून त्याला घरटं म्हणणारा पक्षी. पण भास्कररावांना दोन पदव्या होत्या, त्यामुळे काड्यांबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. बायको सोडून. तिचे अंडी घालायचे दिवस जवळ आले होते.

पदवीवाले भरले बावीस. उद्दिष्ट हुकलं तर भास्कररावांची बदली डबक्यावर व्हायची होती, बेडूक मोजायला. आणि बेडूक काही एका जागी बसत नाहीत.

मग त्यांना मंजुळा सुगरण आठवली. ती बाभळीवर सहा आठवडे विणकाम शिकवायची आणि शेवटी पिंपळपानावर दाखला द्यायची. ‘हे कसलं शिक्षण?’ असा शेरा पूर्वी भास्कररावांनीच मारला होता. तो त्यांनी गुपचूप खोडला आणि तिचे सदतीस दाखले उच्चशिक्षणात धरले. झाले एकोणसाठ.

एकच कमी! मंजुळेलाच धरावं म्हटलं, तर तिच्याकडे दाखला नव्हता. ती आईच्या हाताखाली शिकलेली.

“मी घेतो तुमची परीक्षा,” भास्करराव म्हणाले.

“घ्या की. तुम्हाला गाठ मारता येते ना?”

कुठली यायला! तीन दिवस ते गवताच्या पातीशी झटले. पाय अडकले, गाठ काही बसेना. सदतीस विद्यार्थी बघत होते. भास्कररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी मंजुळेचं नावच शिरगणतीतून काढलं. नव्याण्णवांत एकोणसाठ म्हणजे जवळजवळ साठ टक्के. उरलेला अपूर्णांक त्यांनी वरच्या आकड्यात ढकलला. महाराजांनी त्यांना शाल पांघरवली.

घरी येतात तर बायको रडत बसलेली. काड्यांतून एक अंडं खाली पडून फुटलं होतं, दुसरं कलंडत होतं. भास्करराव शालीसकट मंजुळेकडे उडाले आणि घरटं विणून द्या म्हणून गयावया करू लागले.

“आले असते हो साहेब,” ती म्हणाली, “पण मी या जंगलात आहे कुठे?”

असं म्हणाली, आणि तरी आली. ते घरटं अजून टिकून आहे. भास्कररावांनी त्याची नोंद केली: ‘बांधकाम, स्वतः.’

तात्पर्य: बाळांनो, खूप शिका. म्हणजे विणणाऱ्याला मोजायचं की नाही, हे तुम्हाला ठरवता येईल. गोष्ट सांगणाऱ्याकडेही दोन पदव्या आहेत. सदऱ्याचं बटण मात्र अजून शेजारच्या शिंपीणबाईच लावून देतात.