सासऱ्यांच्या काठीची अंघोळ

लाकडाशी कसं वागावं, हे मला कुणी शिकवायला नको! असं मी मागच्या हिवाळ्यापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. का सांगू नये? घराच्या चारही खिडक्या मी स्वतः घासून रंगवल्यात. त्यातल्या दोन उघडतातसुद्धा!

हा फुशारकीचा किडा मला नडला तो एका गुरुवारी. आम्ही नवराबायको सासऱ्यांकडे जेवायला गेलो होतो. आमचे सासरे तोक्तोसुन, वय एकाहत्तर. चौतीस वर्षं त्यांनी किर्गिझस्तानच्या डोंगरांतून, आमच्या काराकोल गावापासून नारिनपर्यंत, ट्रक हाकला. आता ट्रक सुटला, पण हातात काहीतरी लांब आणि हट्टी असल्याशिवाय त्यांना करमत नाही. म्हणून दर रविवारी बाजारामागच्या हॉलमध्ये जाऊन ते काचकिनकाकांशी बिलियर्ड खेळतात. काचकिनकाका म्हणजे मेंढ्यांचे निवृत्त डॉक्टर. दोघांची दोस्ती इतकी जुनी, की आता तिला वैरच म्हणतात.

त्या दिवशी सासरे सूप पीत नव्हते, नुसतं ढवळत होते.

"बाबा, तब्येत बरी नाही का?" माझ्या बायकोनं, बुरुलनं विचारलं.

"मी बरा आहे. काठी आजारी आहे." त्यांनी मागून काठीची पिशवी ओढली आणि पुढचा निमुळता दांडा फिरवून मुठीपासून वेगळा केला. "हा बघ. डाव्या बोटांवरून सरकतच नाही. मध फासल्यासारखा चिकटतो!"

दांडा खरंच बघवत नव्हता. वर्षानुवर्षांचा घाम, निळा खडू आणि हाताचा मळ यांनी मूळचं पांढरट लाकूड वांग्यासारखं झालं होतं. पूर्वी गल्लीतला एक म्हातारा कारागीर साफ करून द्यायचा, तो मुलीकडे परदेशी निघून गेला. रविवारी सामना होता.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. बुरुलनं माझ्या गुडघ्याला चिमटासुद्धा काढला. तिला माझा चेहरा कळतो.

"द्या इकडे बाबा! रेशमासारखा करून देतो!"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दांड्याकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाच्याही हातात स्टिअरिंग दिलं नव्हतं.

"जोमार्त, ही माझी जुनी काठी आहे."

"बाबा, लाकूड म्हणजे लाकूड!"

आता कळतं, की त्या वाक्यालाच पहिला तडा गेला होता.

शुक्रवारी संध्याकाळी कामावरून आलो आणि लगेच अस्तन्या सारल्या. आधी ओलं फडकं घेतलं. एक हात फिरवला, तर फडकं निळं! दुसरा हात, तरी निळं! दहावा हात, तरी निळंच! माझ्यातला कामसू माणूस पेटला. म्हटलं, असं थेंबाथेंबानं काय होणार? सरळ पत्र्याच्या टबात गरम पाणी ओतलं, मूठभर कपड्याची पावडर टाकली आणि दांडा दिला बुडवून. अर्धा तास! तेवढ्यात मी चहा घेतला, पेपर वाचला, स्वतःवर खूश झालो.

परत येऊन बघतो तर पाणी निळंशार आणि वर काहीतरी गोल तरंगतंय. टोकाची चामड्याची टिकली! कुंकू पुसल्यासारखं दांड्याचं तोंड भुंडं झालं होतं. ती मी बुटाच्या डिंकानं चिकटवली. थोडी तिरकी बसली, पण टिकली तिरकी असली म्हणून कुणाचं लग्न मोडत नाही.

खरी गंमत पुढे होती. दांडा पुसला आणि हात फिरवला, तर त्याला केस आले होते! जर्दाळूवर असते तशी बारीक लव. पाण्यानं लाकूड फुगून त्याचे तंतू उभे राहिले होते. रेशीम राहिलं बाजूला, ही तर सुरवंटाची पाठ!

मग मी खिडक्यांचा उरलेला जाड पॉलिश पेपर काढला. घासला, घासला, खांदे भरून येईपर्यंत घासला. लव गेली. लवीबरोबर थोडा दांडाही गेला. उन्हाळ्यात लोकर कातरल्यावर मेंढी कशी एकदम लहान आणि लाजलेली दिसते, तसा तो दिसत होता. आणि आतून अजून ओलाच!

हॉल सांभाळणाऱ्या शरीपाआपांना फोन लावला. काठ्यांचं त्यांना सगळं कळतं.

"आपा, माझ्या एका मित्रानं काठीचा दांडा पाण्यात भिजवला..."

"पाण्यात? किती वेळ?"

"अर्धा तास."

मग आपा म्हणाल्या, "तुझ्या मित्राला म्हणावं, काठीला फडकं लावायचं ते पिळून पिळून, नुसतं ओलसर. आणि लगेच कोरड्यानं पुसायचं. पॉलिश पेपर वापरलाच तर अगदी बारीक, आणि तोही वर्षातून एकदा. मग चामड्याच्या तुकड्यानं गरम होईस्तोवर चोळायचं, वर थोडं मेण. झालं!"

"आणि अंघोळ घातली असेल तर?"

"तर आडवा, सपाट ठेवायचा. भट्टीपासून लांब! आठ-दहा दिवस विसरून जायचं. उभा टेकवलास तर वाकेल, ऊब दिलीस तर वाकेल. भिजलेलं लाकूड आणि रुसलेली सून, दोघांनाही वेळ द्यावा लागतो." मग त्या म्हणाल्या, "जोमार्त, तू हवामान खात्यात हवेतला दमटपणा मोजतोस ना रे?"

"मी नाही आपा, मित्र..."

"तोही तिथेच असेल," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आठ-दहा दिवस कुठून आणू? रविवार परवावर होता. तरी आपांचं ऐकून दांडा ओसरीतल्या बाकावर सपाट ठेवला आणि बुरुलला काही बोललो नाही. शनिवारी सकाळी ड्यूटीवर गेलो. दुपारपर्यंत थर्मामीटर बघत होतो, पण डोळ्यांपुढे दांडा!

दुपारी घरी पाऊल टाकलं आणि खिमा भरून वाफवलेल्या मान्तीचा वास आला. कुणाचा वाढदिवस नाही, पाहुणे नाहीत, आणि मान्ती? बुरुल स्वयंपाकघरातून हसत आली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. माझ्याकडे बघून ती असं कधी हसली होती, ते मला आठवावं लागलं.

"अहो, बोलला का नाहीत? मला चकित करायचं होतं, होय ना?"

"काय... काय बोललो नाही?"

"या तर खरं!"

तिनं मला हाताला धरून आत नेलं. घर तापवणाऱ्या भट्टीच्या वरच्या खिडकीला नवा फुलाफुलांचा पडदा लागला होता. नुकताच धुतलेला, ओला, जड. आणि तो ज्या दांडीवर लटकत होता, ती दांडी...

"दोन वर्षं पडद्याच्या दांडीसाठी तुमच्या मागे लागले होते! सकाळी ओसरीत बघते तर काय, घासूनपुसून तयार! म्हटलं, आता खिळे ठोकायचं काम तरी मीच करते. नीट बसली की नाही?"

खाली भट्टी धगधगत होती. वर ओला पडदा ओढत होता. मधे माझ्या सासऱ्यांचा दांडा, भरल्या पोटाच्या कुत्रीसारखा मध्यभागी खाली आला होता!

"शेजारीण बघून गेली," बुरुल सांगत होती. "आईला फोन केला. म्हटलं, कोण म्हणतं यांना घराचं लक्ष नाही?"

मी बसलो. तिनं ताटात आठ मान्ती वाढल्या. खोटं बोलू नये, मी पाच खाल्ल्या. सहावीला घशातून खाली जायची लाज वाटली.

"बुरुल, ती पडद्याची दांडी नाही."

"मग?"

"बाबांची काठी आहे."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं! ती पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे पडद्यासाठी काहीच केलं नव्हतंत."

उरलेल्या तीन मान्ती तिनं उचलून परत पातेल्यात टाकल्या.

पण बाई मोठी धीराची! डोळे पुसून तिनं पदर खोचावा तसा डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि दांडा खाली उतरवला. भिंतीशी आमच्या लग्नातल्या चौदा गाद्यांची रास आहे. तिच्या तळाशी दांडा सरकवला आणि मला वर बसवलं.

"आता तिथून उठलात तर बघा!"

मी संध्याकाळभर गाद्यांवर बसून होतो, छताला डोकं लावून. जेवण वरच मिळालं. खाली उतरायला शिडी मिळाली नाही. रविवारी सकाळी गाद्या उपसल्या. दांड्याला खाली आलेला वाक गेला होता, पण जाताना दुसरीकडे वर निघाला होता. काल धनुष्य होतं, आज साप!

मेण घरात नव्हतं. मी म्हटलं, निदान चकाकी तरी येऊ दे, आणि मेंढीच्या शेपटीची चरबी फासली. दांडा असा चमकला, की बघत राहावं! तेवढ्यात दारात हॉर्न वाजला.

सासरे आत आले. त्यांच्या आधी आमचा कुत्रा आत आला आणि दांड्याकडे बघून बसला, जिभल्या चाटत.

"वास कसला रे?"

"मेणाचा, बाबा."

"मेणाला पुलावाचा वास?"

त्यांनी दांडा मुठीला फिरवून बसवला, काठी डोळ्यापुढे आडवी धरली, एक डोळा मिटला आणि दुसऱ्यानं लांबवर बघितलं. बराच वेळ बघितलं. कुत्रा काठीखाली येऊन बसला.

"जावईबापू," ते शेवटी म्हणाले, "हा तर दोलोनचा घाट आहे. मधे दोन वळणं, पलीकडचं दिसत नाही."

मी सगळं सांगून टाकलं. टब, पावडर, पडदा, गाद्या, सगळं! त्यांनी काठी पिशवीत घातली. फक्त म्हणाले, "चल."

"कुठे?"

"सामना आहे. काय केलंस ते डोळ्यांनी बघ."

हॉलमध्ये मी कोपऱ्यात उभा राहिलो, शाळेत अंगठे धरायला लावलेल्या पोरासारखा. सासरे उजवीकडे नेम धरत, गोळा डावीकडे जाई. डावीकडे धरत, गोळा जागीच फिरे. चरबीमुळे काठी बोटांतून अशी सुटे, की एकदा ती गोळ्याऐवजी काचकिनकाकांच्या चहाच्या पेल्याला लागली. सासऱ्यांचे दोन गोळे जाळीत गेले. दोन्ही वेळा त्यांनी दुसऱ्याच गोळ्याला मारलं होतं. आठ-दोन! हरले.

मी डोळे मिटले. आता येईल वीज कोसळून! पण ऐकू आलं ते भलतंच.

"या, सगळे या! बघा ही काठी!" सासरे टेबलाटेबलावर फिरत होते. "जावयानं टबात बुडवली, वर पडदा वाळत घातला! हिनं मी दोन गोळे घातले! सरळ असती तर काय झालं असतं, विचार करा!"

लोक हळहळत होते. कुणी पाठ थोपटत होतं, कुणी चहा पाजत होतं. त्यांचा चेहरा असा फुलला होता, की जणू लग्नाची वरात!

मी शरीपाआपांकडे वळलो. "आपा, हरल्यावर एवढा आनंद?"

"तुला माहीत नाही? नऊ वर्षं झाली, काचकिनला एकदाही हरवलेलं नाही त्यांनी."

"काय सांगता! घरी तर..."

"घरी काय सांगतात?"

घरी ते काहीच सांगत नसत. रविवारी यायचे, सूप प्यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. आम्ही ते विजेत्याचं गांभीर्य समजत होतो!

"दर रविवारी नुसते हरायचे," आपा म्हणाल्या. "आज त्यांच्यावर अन्याय झालाय!"

परतताना सासऱ्यांनी मला बाजारात अश्ल्यान-फू, म्हणजे थंडगार आंबटतिखट शेवया, खाऊ घातलं, स्वतःहून. मी धीर करून म्हटलं, "बाबा, दांडा बिश्केकला नेतो. चांगल्या कारागिराकडून सरळ करून आणतो."

त्यांचा घास हातातच राहिला. "खबरदार! हात लावशील तर!"

तेव्हापासून सगळ्या काराकोलला मी माहीत झालोय. पाववाली विचारते, "तूच का रे तो, काठी धुणारा?" मी हो म्हणतो. एवढ्या थंडीत वाद कोण घालणार! बुरुलसाठी मी दांडी विकत आणली, ती तिनं न बोलता लावली. मान्तीचं मात्र अजून नाव नाही.

परवा बुधवारी दार वाजलं. उघडलं तर काचकिनकाका! थकलेले, खांदे पडलेले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांब.

"जोमार्त, बाळ, मी दमलो रे. दर रविवारी जिंकतो आणि लोक म्हणतात, त्यात काय, समोरच्याची काठी वाकडी! अभिनंदन त्याचं होतं, चहा त्याला मिळतो." त्यांनी कागद सोडला. आत त्यांचा दांडा होता, सुतासारखा सरळ. "माझीही तशीच करून दे."

"काका, मी असली कामं घेत नाही हो!"

"मग तोक्तोसुनची कशी केलीस?"

"ती चुकून झाली!"

काकांनी जरा विचार केला, एक मोठा सुस्कारा सोडला आणि दांडा माझ्या हातात ठेवला.

"बरं. मग माझीही चुकूनच कर."