केसभर फट

जगात माणसं दोन प्रकारची असतात. एक, ज्यांच्या हातात पाना शोभतो; आणि दुसरा माझा साडू!

साडूचं पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. त्यामुळे त्याला जगातली प्रत्येक गोष्ट मीटरमध्ये दिसते. डोकं म्हणाल तर घासूनपुसून पालथं घातलेलं पातेलं! उन्हात तो समोर आला की आपल्याला डोळे मिटावे लागतात. मी मात्र भौतिकशास्त्राचा पदवीधर. आणि पन्नाशीतही माझे केस कसे? काळेभोर, दाट, एक केस इकडचा तिकडे नाही. वादळातसुद्धा!

तेव्हा सासऱ्यांचा जुना ट्रॅक्टर कुणी दुरुस्त करावा, हा प्रश्नच नव्हता. अडचण एवढीच झाली, की साडूही पुढे सरसावला.

ट्रॅक्टर चालू व्हायचा, पण तेलाचा दाब दाखवणारा काटा शून्यावर बसून राहायचा आणि इंजिन दाढ दुखल्यासारखं ठणकायचं. सासूबाईंनी सकाळीच जाहीर केलं, "दुपारी भंगारवाला येतोय. त्याच्याआधी हे धूड धड झालं तर राहील. नाहीतर त्या जागेवर मी कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधणार!"

आजारी माणसाच्या कपाळाला हात लावावा तसा सासऱ्यांनी बॉनेटवर हात ठेवला. त्यांचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून ते शेजारी खुर्ची टाकून बसले आणि आम्ही दोघे जावई ट्रॅक्टरखाली सरपटलो.

आधी तेल काढलं. काढलं म्हणजे, साडूनं अंगावर घेतलं.

"साडूभाऊ, भांडं खाली ठेवायचं असतं."

"तुम्ही सांगितलं कुठे?"

"घरी आंघोळीला बादली लागते, हेही कुणी सांगावं लागतं का?"

मग इंजिनाखालचं चेंबर उतरवलं, तेलाचा पंप काढला, उघडला. आत दोन दातेरी चाकं एकमेकांत दात रुतवून बसलेली. एकाच घरचे दोन जावईच म्हणा ना!

"चाकं आणि झाकण यांच्यात केसभर फट हवी," सासरे खुर्चीतून म्हणाले. "जास्त झाली की तेल पुढे जातच नाही, तिथल्या तिथे घुटमळतं. मोजा."

ही फट मोजायला पातळ पत्र्याच्या पट्ट्यांची एक जुडी असते. सासऱ्यांच्या जुडीतल्या पट्ट्या गंजून एकजीव झाल्या होत्या. एकत्र कुटुंबासारख्या! एकीलाही सुटं होता येईना.

"मग केसानंच मोजा. आम्ही तसंच करायचो. उघड्या पंपावर लोखंडी फूटपट्टी आडवी धरा आणि तिच्याखालून, चाकांवरून केस सरकवा. अडकला तर पंप ठीक. सैल गेला तर झिजलाय."

मी सावकाश साडूच्या डोक्याकडे पाहिलं. असे क्षण आयुष्यात फार येत नाहीत.

"द्या, साडूभाऊ! नाही? उसनवार तरी आणा कुणाकडून!"

साडूचं टक्कल लाल झालं. "भुवईचा चालेल का?"

"आखूड पडेल हो. थोडा जास्त कापून घ्या!"

तेवढ्यात माझी बायको दारात आली. "अहो, केस हवा ना? माझा घ्या."

"अगं, मी असताना?"

"म्हणूनच म्हणतेय!" ती दात आवळून म्हणाली. "नाहीतर आईचा घ्या."

नवऱ्याचा मोठेपणा बायकांना बघवत नाही. मी ऐटीत डोक्याकडे हात नेला आणि एक केस खसकन उपटला. चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही!

"दुखलं नाही?" साडूनं विचारलं.

"केस बाळगायचे तर एवढं सोसावं लागतं. तुम्हाला कसं कळणार!"

केस पट्टीखाली घातला. अडकला! "पंप शंभर नंबरी आहे, बाबा!" मी गर्जलो.

"दुसऱ्या केसानं एकदा बघूया का?" साडू पुटपुटला.

"कापड नव्हे ते, गिऱ्हाइकासमोर दोनदा मोजायला!"

पंप जोडला, तेल भरलं, इंजिन चालू केलं. ठण ठण ठण! काटा शून्यावर. सासूबाई फाटकातून रस्त्याकडे बघायला लागल्या. सासऱ्यांनी इंजिन बंद केलं आणि बॉनेटवरचा हात काढून घेतला. ते बघून मी गप्प झालो. इतका गप्प, की साडूला बोलायला जागा मिळाली.

"पुन्हा मोजू," तो म्हणाला. "आई, एक केस द्या हो."

पंप पुन्हा काढला. सासूबाईंनी अंबाड्यातून पांढरा केस ओढून दिला. तो पट्टीखालून आरामात गेला. दोन घातले, तेही गेले. मग तीन केस एकदम घातले, तर तेही गप्पा मारत पलीकडे पोचले!

"वयानं पातळ झालेत आईंचे केस," मी म्हणालो.

बायकोनं मुकाट्यानं स्वतःचा दिला. तोही सैल गेला. साडूनं मग माझा केस उचलला, उजेडात धरला, दोन बोटांत चोळला. त्याच्या चेहऱ्यावर दुकानातलं तेज चढलं.

"माल कुठला आहे, ते आम्ही जाळून बघतो," तो म्हणाला आणि त्यानं काडी पेटवली.

केस जळला की राख होते. माझ्या केसाची गोळी झाली. काळी, टणक, खसखशीएवढी. अंगणभर जळक्या बादलीचा वास सुटला.

"नायलॉन!" साडूनं निकाल दिला. "खऱ्या केसाच्या चौपट जाड, म्हणून अडकला. धुतला तरी आटायचा नाही. टिकाऊ आहे."

बायकोनं कपाळावर हात मारला. "तरी मी सांगत होते!"

पुढचा तासभर साडूनं काचेवर पॉलिश पेपर पसरून पंपाची कडा घासली, सासूबाईंचा केस अडकेपर्यंत. मला फुंकर मारायचं काम मिळालं, तेही लांबून. मग पंप चढला, इंजिन चालू झालं आणि काटा थरथरत, लाजत, पण उठला! ठणका थांबला. सासऱ्यांचा हात पुन्हा बॉनेटवर गेला. सासूबाईंनी दोरीचं बंडल निमूटपणे घरात नेऊन ठेवलं.

तेवढ्यात फाटकाशी भंगारवाला. चालू ट्रॅक्टर बघून त्याचं तोंड उतरलं. "म्हणजे न्यायला काहीच नाही? फेरी फुकटच गेली म्हणायची!"

सगळ्यांच्या नजरा हळूहळू वर सरकल्या आणि माझ्या डोक्यावर येऊन थांबल्या. मी दोन्ही हातांनी ते घट्ट धरलं.

साडूनं हात पुसले, घसा खाकरला आणि अत्यंत आदबीनं विचारलं,

"का हो, प्लॅस्टिक घेता का?"