शुभेच्छुक : आभाचे बाबा

मयुरेश दीक्षित हा माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्याची बाजू घ्यायला फारसं कुणी उरणार नाही. सातपूरच्या एका कारखान्यात तो क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या मालात खोट काढायची आणि त्याचाच पगार घ्यायचा. आता ही सवय काही बुटांसारखी दाराशी काढून ठेवता येत नाही. (बूटही तो दाराशी काढत नाही, असं त्याच्या बायकोचं, स्वरदाचं म्हणणं आहे.)

संक्रांत तोंडावर आली होती आणि त्यांच्या दुसरीतल्या लेकीला, आभाला, घालायला काळं काही नव्हतं. गेल्या वर्षीचा फ्रॉक तिला आता झबल्यासारखा दिसायचा. स्वरदाला बँकेत उशीर होणार होता, म्हणून तिने फोन केला.

"येताना गंगापूर रोडवरून एक काळा फ्रॉक घेऊन ये. साधा, सुती. आणि मयुरेश, डोकं लावू नकोस."

एवढं सोपं काम. पण दुकानात शिरला आणि त्याची नजर फिरली. मुलांच्या बाजूला रॉकेट, डायनासोर, 'फ्यूचर सायंटिस्ट'. मुलींच्या बाजूला मांजरी, मुकुट, 'डॅडीज प्रिन्सेस'. आणि मधोमध एक गुलाबी टी-शर्ट, त्यावर चमचमत्या अक्षरात इंग्रजीतून लिहिलेलं, की मी फार सुंदर आहे, मला गणित कशाला हवं?

मयुरेशचं डोकं लागलं. ज्या मुलीची आजी मुलींच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झाली, जी मुलगी आजीबरोबर मेथी निवडता निवडता पंधरापर्यंतचे पाढे पाठ म्हणते, तिने हे घालायचं? त्याने सेल्समनला स्त्री-पुरुष समानतेवर एक व्याख्यान दिलं.

सेल्समनने ते घडी घालता घालता ऐकलं. "सर, मग त्या बाजूचं सायंटिस्टवालं देऊ का? पोरांना कुठं काय कळतं."

हे सरळ ऐकलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पण मयुरेशला तोवर कल्पना सुचली होती, आणि त्याला कल्पना सुचली की घरातले लोक आधी गॅस बंद आहे का ते बघतात. त्याने कोरा काळा टी-शर्ट घेतला आणि थेट सातपूरला धनराजकडे गेला.

धनराज छपाईवाला. वाढदिवसाचे बॅनर, मंडळाचे टी-शर्ट, 'भावी नगरसेवक' वगैरे सगळं त्याच्याकडेच छापलं जातं. मूळ हरसूलकडचा, माणूस सरळ. मयुरेशने आभासाठी म्हणून मजकूर सांगितला : 'मी मुलगी आहे. मला गणित येत नाही.'

धनराजने चष्मा वर केला. "सर, पोरगी तुमचीच ना?"

"अरे, उपरोध आहे तो. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, छे, असं कसं? त्याला स्वतःची लाज वाटली पाहिजे."

"पन आभाला खरंच येतं ना गनित?"

"येतं म्हणून तर छापायचं."

"मंग खाली बारीक अक्षरात टाकू का, 'हे खरं नाय' म्हणून?"

मयुरेश हसला. उपरोध असा समजावून सांगायचा नसतो, असं म्हणाला आणि निघाला. संक्रांतीच्या सकाळी घाईघाईत पिशवी घेऊन आला. पिशवी उघडून बघितली नाही. (कारखान्यात साधा बोल्टसुद्धा तो दोनदा तपासतो.)

उघडली ती स्वरदाने. टी-शर्टवर ठसठशीत पिवळ्या अक्षरात मजकूर होता. चारी बाजूंनी झेंडूची महिरप होती. आणि खाली गोल चौकटीत, गॉगल लावून, हाताची घडी घालून, खुद्द मयुरेश उभा होता. त्याखाली लिहिलं होतं : 'शुभेच्छुक : आभाचे बाबा.'

"हे काय आहे?" स्वरदाने अगदी हळू विचारलं. ती हळू बोलायला लागली की मयुरेश आधी बूट काढून दाराशी ठेवतो.

"उपरोध."

"आणि हा गॉगलवाला?"

त्याने धनराजला फोन लावला. धनराज म्हणाला, "सर, आपल्याकडून शुभेच्छुकाशिवाय काय बाहेर जात नाय. कोन छापतंय ते लोकांना कळाय नको का? फोटो तुमच्या डीपीचा घेतला. लय भारी आलाय."

तेवढ्यात आभाने टी-शर्ट पळवून अंगात घातला. बाबाचा फोटो असलेले कपडे वर्गात कुणाकडे नव्हते, बाबा तिचा फार लाडका, त्यामुळे ती तो काढायलाच तयार होईना. मग एकेक अक्षर लावून तिने मजकूर वाचला आणि वर बघितलं.

"बाबा, हे खरंय?"

"नाही गं. उपरोध म्हणतात याला. आपण मुद्दाम उलटं बोलायचं आणि लोकांनी हसायचं."

"म्हणजे खोटं?"

"खोटं नाही. उलटं."

आभाने मान डोलावली. मयुरेशला वाटलं, कळलं. बापांना असं वारंवार वाटतं.

संध्याकाळी हळदीकुंकू होतं. अशा वेळी घरातल्या पुरुषाने बाहेर जावं किंवा अदृश्य व्हावं, अशी रीत आहे. मयुरेश स्वयंपाकघरात तिळगुळाच्या वाट्या भरत अदृश्य झाला. बाहेर त्याची आई सरोजिनीबाई वाण देत होती, स्वरदा अत्तर लावत होती आणि आभा पोट पुढे काढून सगळ्यांना टी-शर्ट दाखवत होती. मयुरेशने कान टवकारले. आता बायका म्हणणार, वा, काय टोला हाणलाय.

शेजारच्या वत्सलाबाईंनी चष्मा लावून वाचलं. "खरंय हो बाई. आमच्या सुनेलाही नाही येत. सीए आहे ती."

वरच्या मजल्यावरची मनाली म्हणाली, "काकू, मयुरेशदादा इलेक्शनला उभे राहताहेत का? कुठल्या प्रभागातून?"

"गॉगल छान आहे," तिसरीने मत दिलं. उपरोधाची लाज कुणालाच वाटली नाही. वाटली ती फक्त स्वयंपाकघरात, आणि तिथे तिळगूळ सांडला.

मग सरोजिनीबाईंनी दरवर्षीचा कार्यक्रम सुरू केला. नातीला मधोमध उभं करून पाढे विचारायचे, आणि बायकांनी कौतुक करायचं. आभाही एरवी या क्षणाची वाट बघत असते, प्रश्न संपायच्या आत उत्तर देते.

"सांगा बाईसाहेब, तेरा सत्ते?"

आभाने आईकडे बघितलं.

"तेरा सत्ते गं. झोपेत सांगशील की."

आभाने खाली टी-शर्टकडे बघितलं. "मला नाही येत, आजी. मी मुलगी आहे ना."

सरोजिनीबाईंनी उभ्या जन्मात असलं वाक्य कुठल्या मुलीच्या तोंडून खपवून घेतलं नव्हतं, आणि आता ते त्यांच्याच घरात, त्यांच्याच नातीने म्हटलं होतं. "कुणी सांगितलं तुला?"

आभाने गोल चौकटीवर बोट ठेवलं. "बाबाने."

मयुरेश स्वयंपाकघरातून तिळगुळाची वाटी हातात तशीच घेऊन बाहेर आला आणि एवढ्या बायकांमध्ये आभापुढे गुडघ्यांवर बसला.

"आभा, अगं सकाळी सांगितलं होतं ना? उलटं आहे ते."

"हो. उलटं बोलायचं आणि लोकांनी हसायचं." आभाने एकदा सगळ्या बायकांकडे बघितलं. "पण बाबा, कुणीच हसलं नाही. वत्सलाआजी तर खरंय म्हणाली. मग मला वाटलं, खरंच असेल."

मयुरेश रडायच्या बेतात होता. चूक आपली होती आणि ती छातीवर आपलाच फोटो लावून पोरीला दिवसभर मिरवायला लावली होती. त्याने तिला जवळ घेतलं आणि त्याला (देवा, पुन्हा) कल्पना सुचली.

"आई, तू मास्तरीण हो. आभा विरुद्ध बाबा. बघू कुणाला गणित येतं."

बेत असा, की आपण मुद्दाम हरायचं. पोरीचा आत्मविश्वास परत. शेवटचं एखादं उत्तर तेवढं बरोबर द्यायचं, म्हणजे सोसायटीत आपलीही थोडी शान राहील.

सरोजिनीबाईंनी पदर खोचला. "तेरा सत्ते?"

"सत्याऐंशी," मयुरेश मुद्दाम म्हणाला.

आभाने त्याच्याकडे चमकून बघितलं. एवढं चुकलेलं तिला सहन होईना. "एक्क्याण्णव," ती पुटपुटली.

"चौदा सक?"

"बहात्तर," मयुरेश म्हणाला.

"चौऱ्याऐंशी," या वेळी आभाचा आवाज मोठा होता. वत्सलाबाईंनी टाळी वाजवली. मनालीने मोबाइल काढला. पोरीचा चेहरा उजळला, आणि मयुरेशने ठरवलं, झालं काम, आता एक जिंकू.

"पंधरा अठ्ठे?"

मयुरेशने तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. त्याने छताकडे पाहिलं. बोटं मागे नेऊन मोजायला सुरुवात केली, पण हातात वाटी होती. गेली कित्येक वर्षं हे काम मोबाइलच करत होता आणि मोबाइल स्वयंपाकघरात होता. पंधरा चोक साठ, इथपर्यंत तो घाम पुसत पोहोचला, आणि पुढे रस्ता बंद होता.

"एकशे... एकशे पाच?"

सरोजिनीबाईंनी त्याच्याकडे, तो पाचवीत असताना बघायच्या, तसंच बघितलं. "आभा?"

"एकशे वीस."

"शाब्बास."

टाळ्या पडल्या. आजीने नातीचा पापा घेतला आणि मयुरेशने सुटकेचा निःश्वास टाकला. पोरगी परत आली होती, बाकी काय हवं? तो उठला आणि जमेल तेवढा रुबाब आणून बायकांना म्हणाला, "मुद्दाम हरलो हं. तिच्यासाठी."

बायकांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. स्वरदा अत्तरदाणीत बघत राहिली.

आभा मात्र बापाची बाजू घ्यायला पुढे आली. कमरेवर हात ठेवून, गोल चौकटीतल्या बाबासकट ती सगळ्यांना म्हणाली, "हो, बाबाला सगळं येत होतं. पंधरा अठ्ठे तर त्याला खूपच येत होतं."

आणि तिने डोळा मारला. तिला एक डोळा मिटता येत नाही, म्हणून दोन्ही मिटले.

घरात असा हशा उसळला, की वत्सलाबाईंना सोफ्याचा हात धरावा लागला. सरोजिनीबाई हसल्या, स्वरदा तर डोळे पुसायला लागली. ते सगळं ओसरेपर्यंत आभा शांतपणे थांबली. मग तिने बाबाची बाही ओढून त्याला खाली वाकवलं आणि त्याच्या कानात, समजुतीच्या सुरात सांगितलं,

"बघ, हसले ना? असा करायचा असतो उपरोध."