आत्याला कोणी घेईना

लिहून ठेवा! आमच्या गेमचा सर्व्हर मी उभा केलाय, आणि तो पाडणारा अजून जन्माला यायचाय! आज चार वाजता फायनल. सकाळीच मी साहेबांच्या हातात राजीनामा ठेवला : "फायनलमध्ये सर्व्हर पडला, तर यावर तारीख टाका!" अहो, एका वेळी दहा हजार खेळाडू आले तरी—

[पडला. पुन्हा सुरू करतोय.]

तर, सर्व्हर तसा दणकट आहे. तीन वाजता सरावातच पडला, ते सोडा.

"हल्ला आहे हा!" मी ओरडलो. "कुणीतरी जळतंय आपल्यावर!"

सुरक्षा बघणाऱ्या ताई शांतपणे नोंदी चाळत होत्या. साहेब दारात उभे. खिशात माझा राजीनामा, आणि त्याच खिशाला पेन! मी घाईघाईने बाहेरच्या सगळ्या वाटा बंद करायला—

[पडला. सुरू करतोय.]

बरं. सर्व्हर आहे. एवढंच म्हणतो.

साडेतीन.

"हल्लेखोर एकच आहे," ताई म्हणाल्या. "सर्व्हर उठला, की वीस सेकंदांत पाडतो. पत्ता सापडला."

"कुठला?"

"तुमच्या घरचा."

घरी फक्त आत्या! गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे राहिलेली. वेळ जावा म्हणून मीच तिला गेम लावून दिला होता.

फोन लावला. "आत्या, काय करतेयस?"

"काय करणार? तिघांचा संघ लागतो म्हणे. मला कोणी घेईना! म्हणून मीच मला आमंत्रण धाडते. मग तुझं ते मेलं चाक नुसतं फिरत बसतं. की परत धाडते."

ताईंनी कपाळावर हात मारला. बोलावणारी आत्या उत्तरासाठी थांबलेली, आणि ती थांबलीय म्हणून बोलावलेली आत्या उत्तर देईना! एकच माणूस दोन्ही बाजूंनी 'आधी आपण, आधी आपण' म्हणत दारात अडकावा, आणि मागे दहा हजारांची रांग!

दुरुस्ती एका ओळीची. पण फायनलच्या दिवशी कोडला कुणीही हात लावायचा नाही, असा नियम. भिंतीवर चिकटवलेला. खाली सही माझी!

"आत्या, पाया पडतो, ते बटण दाबू नकोस! नोकरी जाईल माझी!"

"मग मला घेणार कोण?"

तीन अठ्ठावन्न.

"मी घेतो! या ताईपण येतात!"

फायनल सुरू. दहा हजार माणसं आत, आणि मी टेबलाखाली मोबाइल धरून आत्याच्या मागे धावतोय.

"काय उपाय केलास?" साहेब.

"माणूस लावलाय," मी घाम पुसत म्हणालो. साहेब माझ्या खांद्यावरून वाकून बघतच राहिले.

पाच वाजता फायनल संपली. एकदाही पडला नाही! साहेबांनी राजीनामा टराटरा फाडला. मी डोळे मिटून खुर्चीत टेकलो, तोच आत्याचा फोन.

"तुला संघातून काढलंय रे. सारखा मरतोस! तुझ्या जागी दुसरे घेतलेत, ताईंनी सुचवले. छान खेळतात."

"कोण?"

मी वळून पाहिलं. साहेब मोबाइलवर वाकले होते.

"शूऽऽ," ते म्हणाले. "तू जा घरी."