प्राणवायूचा मानपान

विमानातली हवा विरळ झाल्यास प्रत्येकाने आधी स्वतःच्या नाकाला मास्क लावावा, मगच शेजाऱ्याला मदत करावी, असा जगभरचा नियम आहे. हा नियम करताना आमच्या जिल्ह्यातल्या एकाही दूध संस्थेला विचारलं नव्हतं, हे कोल्हापूरहून हैदराबादला निघालेल्या विमानात उघडकीस आलं.

त्या विमानात एका संस्थेचं अख्खं संचालक मंडळ अभ्यासदौऱ्यावर निघालं होतं. अभ्यासाचा विषय, म्हशीचं पोट. पहिल्या रांगेत खिडकीशी चेअरमन उदयसिंह, मधे व्हाइस चेअरमन आकाराम आणि कडेच्या सीटवर चेअरमनांचा फेटा, रीतसर पट्टा बांधून. आकारामला ही मधली जागा सुखासुखी मिळाली नव्हती. महिन्यावर संस्थेची निवडणूक आली होती आणि पॅनेलमध्ये कुणाचं नाव घालायचं, हे चेअरमन ठरवत. ते हसले की हसायचं, त्यांनी जांभई दिली की आपण चुटकी वाजवायची, हे व्रत आकारामनं वर्षानुवर्षं पाळलं होतं.

विमान ढगांच्या वर गेलं आणि कुठूनसं फुस्स झालं. कानांत दडे बसले. वरची झाकणं उघडून पिवळे मास्क लोंबू लागले. "केबिनमधला हवेचा दाब कमी झाला आहे. मास्क ओढून आधी स्वतःला लावा," अशी घोषणा झाली.

आकारामचा हात वर गेला. तेवढ्यात त्याला दिसलं की चेअरमनांनी डोळे मिटून मान किंचित पुढं झुकवली आहे. गळ्यात हार पडायचा असला की ते अशीच मान करत. आकारामचा हात खाली आला.

"साहेब, लावून घ्या की," तो धापा टाकत म्हणाला.

"माझ्या हातानं? लोक काय म्हणतील, आकाराम?"

मागच्या रांगेतले संचालक लोंबत्या मास्ककडं बघत हात बांधून बसले होते. चेअरमनांनी पहिला घास घेतल्याशिवाय तांबड्या रश्श्याला बोट न लावणारी माणसं ती. हवेला कुठून लावणार? अखेर सेक्रेटरी कृष्णात उठला. सत्काराचं सूत्रसंचालन त्याच्याचकडं असे.

"ज्येष्ठ संचालक बाळासो यांच्या शुभहस्ते..." त्यानं श्वास ओढला, पुरेसा मिळाला नाही, "चेअरमनसाहेबांना प्राणवायू अर्पण..."

"मी न्हाय," बाळासो गुरगुरले. "गेल्या सभेत माझा नारळ राहिलाय. आधी माझा सत्कार, मग ह्यांचा प्राणवायू."

"बाळासो, मिटवा की! जीव चाललाय!" कृष्णात कळवळला.

"जाऊ दे. मान गेल्यावर काय करायचाय?"

हवाई सुंदरी शांभवी धडपडत आली. तिनं फेटा उचलून खाली टाकला, त्या जागी बसली आणि सगळ्यांदेखत आधी स्वतःला मास्क लावला.

"पाव्हण्यांच्या आधी वाढपीच जेवला," एवढं नोंदवून बाळासोंनी मान टाकली.

आतापर्यंत इंग्रजी झाडणारी शांभवी गडहिंग्लजची निघाली. "नाक पुढं करा की, काका! मराय आलाय व्हय?" म्हणत तिनं आकारामच्या तोंडावर मास्क बसवला. पहिला श्वास आत गेला आणि आकारामला दरदरून घाम फुटला. चेअरमन अजून बिनमास्कचे होते! त्यानं मास्क उपसायला हात घातला. तिनं हातावर चापट मारली आणि त्याच्यावरून ओणवी होऊन चेअरमनांचं नाक झाकलं.

विमान झपाट्यानं खाली आलं. हवा दाट झाली, सगळे शुद्धीवर आले. बाळासोसुद्धा.

चेअरमनांनी मास्क उतरवला. "आकाराम, तुझ्या नाकाला माझ्या आधी हवा लागली."

"तिनं लावला, साहेब. मी काढत हुतो."

"निघाला का?"

"न्हाय."

"मग?"

पॅनेलमध्ये आकारामचं नाव आलं नाही. त्याच्या जागी बाळासो आले, नारळासकट. आकाराम घरोघर फिरून आपली बाजू सांगत राहिला. लोकांनी चहा पाजला, जीव वाचला म्हणून आनंद मानला आणि जाता जाता म्हणाले, "पण जरा दम धरायला पायजे हुतास गड्या."

तुम्ही हसताय. हसा. पण मागच्या लग्नात मुहूर्त टळून गेल्यावरही, मुठीतल्या अक्षता घामानं चिकट होईपर्यंत, तुम्ही कुठल्या साहेबांच्या गाडीची वाट बघत उभे होता, हे आठवलं तर आकारामला तेवढा एक फोन करा. त्यानं निदान श्वास तरी घेतला होता.