राजकारणमुक्त ग्लोव्हज

आपल्याला राजकारणातलं काहीही कळत नाही, हे जगदीश एखादी पदवी मिरवावी तशा थाटात सांगायचा. ड्रेस्डेनच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात त्याची बारा वर्षं गेली, पण डबा खाताना कोणी निवडणुकीचा विषय काढला की हा चमचा धुवायला उठायचा. त्यामुळे मुलीच्या शाळेने फुटबॉल मॅचमधून राजकारण हाकलायचं काम त्याच्यावर सोपवलं, तेव्हा योग्य काम योग्य माणसाकडे आलं असं सगळ्यात आधी त्यालाच वाटलं.

मॅच साधीसुधी नव्हती. एल्बे नदीच्या अलीकडची पिवळ्या जर्सीची शाळा आणि पलीकडची हिरव्या जर्सीची शाळा दर जूनमध्ये एकमेकींना भिडतात. संघ मुलींचे, वैर तीस वर्षांचं. समोरच्या शाळेची टिंगल करणारे फलक रंगवायचे, ही एक रीत. दुसरी रीत गोलकीपरची. तिच्या ग्लोव्हजच्या दोन तळव्यांवर दोन शब्द लिहिलेले असतात. मॅचआधी तिने हात वर करायचे आणि दोन्ही शाळांनी मिळून ते शब्द तीनदा ओरडायचे. पुढे नव्वद मिनिटं एकमेकींचा उद्धार करायचा असला, तरी एवढं मात्र एका सुरात.

गेल्या वर्षी कोणीतरी एका पक्षाचा फलक आणला आणि दोन सभ्य बाप हातातल्या बटाट्याच्या सॅलडसकट एकमेकांवर धावून गेले. मुख्याध्यापिका फ्राऊ लेहमान यांनी पालकांची सभा घेतली.

"या वर्षी राजकारण दिसलं, तर ही मॅच कायमची बंद. दोन्ही शाळांना चालेल असा तपासनीस हवा." त्यांची नजर जगदीशवर थांबली. "तुम्हाला इथे मत नाही ना? आणि भारतात?"

"तिथे जाऊन द्यावं लागतं. बारा वर्षं दिलेलं नाही."

"म्हणजे तुम्हाला कुठेच मत नाही. आदर्श!"

दुसऱ्या कोणाला हे लागलं असतं. जगदीश खूश झाला. त्याने 'राजकारणमुक्त' असा गोल शिक्का बनवून घेतला आणि सात कलमांची नियमावली लिहिली. शिक्क्याशिवाय मैदानात काहीही येणार नाही, परभाषेतल्या मजकुराचा अर्थ आधी सांगावा लागेल, वगैरे.

"अहो, तो शिक्का आता उशाशी घेऊन झोपा," त्याची बायको अरुणा म्हणाली.

जगदीश कामाला लागला आणि भलतंच निघालं. या देशात प्रत्येक रंगाला एक पक्ष चिकटलेला. लाल गेला, काळा गेला, निळा तर आधीच गेला. पिवळा आणि हिरवा हेसुद्धा कोणाकोणाचे निघाले. जर्स्या शिवून झाल्या होत्या म्हणून वाचल्या. हिरव्या बेडकाचा फलक परत गेला, सूर्यफुलं परत गेली, 'यंदा बदल हवा' हे तर त्याने दोन बोटांत धरून परत दिलं. शेवटी मुली करड्या रंगात करडे फलक रंगवायला लागल्या. मैदानाचं कुंपण एखाद्या मयताच्या घरासारखं दिसू लागलं, पण जगदीशला त्यात तटस्थता दिसत होती.

खरं सांगायचं तर या तटस्थतेची त्याला फार जुनी सवय होती. चंद्रपूरहून आई फोन ठेवताना "जय भीम" म्हणायची, तेव्हा ट्राममध्ये हा इकडेतिकडे बघून "हो हो, तेच" म्हणायचा. ट्राममधल्या जर्मनांना त्यातलं काय कळणार होतं? पण एखादा मराठी माणूस निघाला तर? कारखान्यात मराठी मंडळी होती, आणि त्यांच्यात तो नमस्कार म्हणायचा. उगाच विषय नको. बारा वर्षांत तो विषय त्याने एकदाही निघू दिला नव्हता.

मॅचच्या दिवशी हिरव्यांची गोलकीपर ज्ञानदा तपासणीला आली. तिचे वडील श्यामकांत जगदीशच्याच विभागात होते. तिच्या एका तळव्यावर जर्मनमध्ये 'हिरवे' होतं, दुसऱ्यावर 'अजिंक्य'.

"'हिरवे' नियमात बसत नाही," म्हणत जगदीशने त्यावर पांढरी पट्टी चिकटवली. पोरगी रडवेली झाली.

मॅचला दहा मिनिटं उरली असताना पिवळ्यांची गोलकीपर आली. ती त्याचीच मुलगी, क्रांती. तिने दोन्ही हात पुढे केले. उजव्या तळव्यावर ठळक रोमन अक्षरांत 'जय', डाव्यावर 'भीम'.

जगदीशच्या हातातला शिक्का हातातच राहिला.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"ओमाला विचारलं." क्रांती आजीला ओमा म्हणायची. एरवी बापाला जर्मनमध्ये उत्तरं देणारी पोरगी मोडक्यातोडक्या मराठीत बोलत होती. "ती म्हणाली, दोनच शब्द मावतात, तर दुसरं काय लिहिणार? पापा, हे राजकारण आहे?"

श्यामकांत जवळ आले होते. "जगदीशराव, माझं काही म्हणणं नाही हो. पण सकाळी ज्ञानदाचं झाकलंत. मग हे?"

"परभाषा आहे," फ्राऊ लेहमान म्हणाल्या. "अर्थ?"

मैदानावर शेकडो माणसं होती. त्या दोन शब्दांचा अर्थ कळणारी मोठी माणसं अरुणा धरून तीनच, आणि त्यातलं एक समोर उभं. बारा वर्षं ज्या विषयाला टाळलं, तो आज पोरीच्या हातांवर बसून आला होता. नुसता ठप्पा मारला असता तरी भागलं असतं. पण ठप्प्यावर 'राजकारणमुक्त' लिहिलेलं, आणि ते खोटं होतं. झाकावं, तर ते आपल्या हाताने झाकायचं. या विचाराने त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"आमच्यात भेटल्यावर असं म्हणतात," तो म्हणाला. "माझ्या आजोबांना शाळेत दाराबाहेर बसवायचे. वडील आत बसले. ज्यांच्यामुळे बसले, त्यांचं हे नाव आहे."

"शिक्षक होते?"

"हो. शिक्षकही होते."

"म्हणजे राजकीय नाही."

"आहे," जगदीश म्हणाला. "आणि मी तटस्थ नाही. कधीच नव्हतो, नुसता गप्प होतो." त्याने शिक्का त्यांच्या हातात ठेवला. मग ज्ञानदाला बोलावून तिच्या तळव्यावरची पट्टी हळूच काढली. "चुकलं माझं, बाळा."

श्यामकांत खाली बघत म्हणाले, "बारा वर्षं एका टेबलावर जेवतो आपण. तुम्ही कधी बोलला नाहीत. आणि मीही कधी विचारलं नाही."

आता मॅच बंद होणार, तीस वर्षांची रीत आपल्या घराण्याच्या नावावर बुडणार, अशी भीती जगदीशला वाटली. फ्राऊ लेहमाननी शिक्का पाहिला, ग्लोव्हज पाहिले, सगळ्यात शेवटी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं उरली होती. राजकारणावर त्यांनी सभा घेतली असती, चौकशी केली असती. पण जर्मनीत मॅच उशिरा सुरू होणं हा त्याहून मोठा गुन्हा होता.

"आल्झो, चला," त्यांनी शिक्का पर्समध्ये टाकला, "मुलींनो, मैदानात."

आधी ज्ञानदाचे हात वर गेले. "हिरवे अजिंक्य!" पिवळ्यांनीही दात-ओठ खात तीनदा म्हटलं. मग क्रांतीने हात वर केले. शेकडो जर्मन गळ्यांनी अक्षरं जुळवली आणि मैदान गरजलं.

"जय भीम!"

पहिल्यांदा जगदीशचे नुसते ओठ हलले. दुसऱ्यांदा अरुणाचा आवाज त्याला शेजारून ऐकू आला, खणखणीत. तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडलं आणि आवाज आला, इतका मोठा की पुढच्या रांगेतल्या बाई दचकल्या. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

क्रांतीलाही हात खाली घ्यायचं सुचलं नाही. ती तशीच, हात आभाळाकडे करून, बापाकडे बघत उभी. तेवढ्यात शिट्टी वाजली. हिरव्यांच्या मुलीने मैदानाच्या मध्यावरूनच चेंडू हाणला आणि तो तिच्या पायांजवळून आरामात आत गेला. अकराव्या सेकंदाला गोल!

पलीकडची शाळा नाचायला लागली. अलीकडच्या शाळेने कपाळावर हात मारला. त्या सगळ्या गदारोळात जगदीश एकटाच मूठ वर करून चौथ्यांदा "जय भीम" म्हणाला.

"हेर्र जगदीश," फ्राऊ लेहमान त्याच्या खांद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "रीत तीनदाचीच आहे."